शिकारीचा बयाणा देण्याआधी

नरडाण्याचा माणूस शिकारीला युरोपात निघाला म्हटले की बाजारात हशा पिकतो. आमच्याही वाट्याला तो आला. परंतु कापडाच्या धंद्यातली माणसे यंत्रांच्या 'इटमा' प्रदर्शनासाठी चार वर्षांतून एकदा तिकडे जातातच, विमानभाडे तर भरलेलेच असते. जून २०२३ मध्ये हे प्रदर्शन इटलीत मिलान येथे भरले. तेव्हा आम्ही व आमचे भागीदार यांनी ठरविले की, पुढे चार दिवस हंगेरीत लाल हरणाच्या शिकारीस जावे. हे जनावर म्हणजे आपल्या सांबराचा भाऊबंद. मुंबईच्या एका एजंटाला ऐंशी हजारांचा बयाणा देऊन मोकळे झालो.

खानदेशला परदेशी शिकारी नवा नाही. धरणगावला भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम वाघांच्या शिकारीसाठीही गाजला होता. स्वातंत्र्यानंतर नागपूरला विद्याचरण शुक्ल यांची 'ऑलविन कूपर' कंपनी परदेशी पाहुण्यांसाठी मध्य भारतातील जंगलांत शिकारीच्या सफरी काढीत असे. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि हा धंदा मिटला. जे झाले ते बरेच झाले, आमची तक्रार नाही. मात्र त्या काळी परदेशी पाहुणा आपल्या कंपनीला जे प्रश्न विचारीत असेल, ते आम्ही आमच्या एजंटाला विचारले नाहीत.

पहिला प्रश्न हंगामाचा. हंगेरीत लाल हरणाच्या मोठ्या नराची शिकार १ सप्टेंबरपासून उघडते. आमची तारीख जूनची! हे आम्हांला तिकीट काढल्यावर कळले. जूनमध्ये तेथे रो जातीचा लहान हरीण-नर मिळतो, नाहीतर रानडुक्कर. डुकरात आम्हांला रस नाही, हे सांगावयास नको. पण तिकडच्या बऱ्याच सफरी डुकरावरच बेतलेल्या असतात आणि मुक्कामाच्या जेवणातही तेच येते. म्हणून शिकार व जेवण, दोन्हींविषयी आधीच लेखी कळवावे.

दुसरा प्रश्न परवान्याचा, आणि इथे आपण भारतीय अडतो. जर्मनी परदेशी शिकाऱ्याकडे त्याच्या मायदेशातील शिकार परवाना मागते. आपल्याकडे शिकारच बंद, मग परवाना कोठून दाखवावा? बंदुकीचा परवाना ही वेगळी बाब आहे. इतर देशांतही हे आधी विचारून घ्यावे. स्कॉटलंडमध्ये पाहुण्याला इस्टेटचीच रायफल, इस्टेटच्या माणसाच्या देखरेखीखाली वापरता येते. त्यामुळे घरची बंदूक विमानातून नेण्याची कटकट वाचते. मात्र ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, शेंगेन व्हिसा तेथे चालत नाही.

आता भावाविषयी. दिवसाचा खर्च, खोली, वाटाड्या हे झाले ठरीव. खरे बिल शिंगांचे. हंगेरीत शिंगे कवटीसह उकळून, साफ करून तोलतात आणि जसे वजन तसा दर चढत जातो. जिनिंगमध्ये कापूस तोलून भाव लागतो, पण तेथे शेतकऱ्याला गाडीतला माल आधी दिसतो. इथे गोळी सुटल्यावर माल कळतो. म्हणून वजनाची कमाल मर्यादा करारात लिहून घ्यावी. जनावर जखमी होऊन निसटले तरी पैसे लागतात. किती, तेही वाचावे.

आणि ज्या शिंगांसाठी एवढी दौलत ओतायची, ती घरी आणता येतीलच असे नाही. परवानगीशिवाय वन्य प्राण्यांचे अवयव देशात आणता येत नाहीत. आमच्या भागीदारांनी बैठकीच्या भिंतीवर जागाही ठरविली होती. तेथे आता कॅलेंडर आहे.

एजंटाने बयाण्यातले तीस हजार परत केले, बाकी 'बुकिंग खर्च' म्हणून कापले. करारात तारीख बदलण्याचे कलमच नव्हते, बोलणार काय? आम्ही मिलानहून सरळ परतलो.

पुढचे 'इटमा' सप्टेंबर २०२७ मध्ये जर्मनीत हानोवरला ठरले आहे. या वेळी हंगाम जुळतो. भागीदारांनी स्कॉटलंडच्या दोन इस्टेटींकडे दरपत्रक मागविले आहे. बयाणा अजून दिलेला नाही.