माळ्यावरचा उजेड

सानपाड्याच्या सिडको वसाहतींतील बेताच्या सदनिकांत न्हाणीघराच्या डोक्यावर जो माळा असतो, त्यावर गणपतीच्या मखरापासून जुन्या दस्तऐवजांच्या ट्रंकेपर्यंत निम्मा संसार चढवून ठेवण्याचा शिरस्ता असला, तरी तेथे उजेडाची तजवीज करण्याचे क्वचितच कोणाच्या ध्यानी येते; आणि मग भाद्रपदाच्या तोंडावर, एक पाय शिडीवर नि मोबाइल दातांत धरून, मखराचा शोध सुरू होतो.

जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब येथे सर्वथैव त्याज्य, कारण घेतलेल्या विजेचा बहुतांश भाग तो उष्णतेतच दवडतो, आणि शेजारी गाद्या व थर्मोकोल असतात. (थर्मोकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ साली बंदी आली, माळ्यांनी ती अद्याप मानलेली नाही.) ५ ते १० वॅटची एलईडी बॅटन पुरे.

खरा प्रश्न जागेचा. मागच्या भिंतीवर लावली तर प्रकाश थेट डोळ्यांत येतो, छताच्या मध्यावर लावली तर ट्रंकेचा कोपरा लागून फुटते. म्हणून माळ्याच्या तोंडाशी, वरच्या कडेच्या आतल्या अंगाला ती बसवावी, म्हणजे उजेड सामानावर पडतो.

वायर पीव्हीसी पट्टीतूनच न्यावी, बटण खाली हाताशी ठेवावे, आणि जोडणी परवानाधारक वायरमनकडून, मेन बंद करूनच करवावी. हालचालीवर पेटणाऱ्या सेन्सरच्या दिव्याचा मोह मलाही झाला होता. परंतु जुन्या पत्रांचा गठ्ठा हाती लागून मी क्षणभर स्तब्ध बसलो, की तो बेटा विझतो.