पुळणींची मोजदाद

समुद्र जमीन गिळतो, असे आपण नेहमी म्हणतो. पण कोठे आणि किती, हे मोजावयाचे कसे? एक चित्र भरतीचे व दुसरे ओहोटीचे घेतले, तर न झालेली धूपही दिसावयाची! नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्षभराची उपग्रहचित्रे एकत्र करून हा चकवा टाळला. वाळूचा किनारा ओळखण्यास त्यांनी नमुने दाखवून यंत्राला शिकविले. कृत्रिम बुद्धिमत्ता ती हीच. १९८४ ते २०१६ या काळात जगातील शेकडा २४ पुळणी वर्षाला अर्ध्या मीटरहून अधिक झिजत होत्या. शेकडा २८ वाढत होत्या, बाकीच्या स्थिर होत्या.

झीज का झाली, हे मात्र चित्रात दिसत नाही. धरणाने गाळ अडविला, वाळू उपसली गेली, की धक्क्याने वाळूचा प्रवाह रोखला, हे किनाऱ्यावर जाऊन, तेथल्या कोळ्यांना विचारूनच आपल्याला ठरवावे लागते. कारण न शोधता दगडी बंधारा घातला, तर पुष्कळदा आपली झीज शेजारच्या गावाच्या माथी जाते. यंत्राने जागा दाखविली. कारण शोधण्याची जबाबदारी आपलीच आहे.