बुद्धिगुणांकाचे मापन : बिने-कामत कसोटीच्या संदर्भात विश्वसनीयता व सप्रमाणता यांचा विचार

प्रस्तावना :

लाकडाच्या फळीची लांबी फूटपट्टीने मोजता येते, आणि पट्टीविषयीच शंका आली तर दुसरी पट्टी आणून ती पडताळून पाहता येते. मानसशास्त्राला ही सोय नाही. बुद्धी, चिंता, अभिवृत्ती या गोष्टी प्रत्यक्ष दिसत नाहीत. दिसते ते केवळ वर्तन, आणि वर्तनावरून त्यांचे अनुमान करावे लागते. म्हणून मानसशास्त्रीय संशोधनात मापन हा निव्वळ तांत्रिक टप्पा नसून तो सिद्धांताचाच एक भाग ठरतो. प्रस्तुत लेखात मापनाच्या काही मूलभूत संकल्पनांचे स्पष्टीकरण महाराष्ट्रात परिचित असलेल्या बिने-कामत बुद्धिमापन कसोटीच्या आधारे केले आहे. हे उदाहरण घेण्यामागे कारण आहे. बुद्धिगुणांक हा प्रयोगवहीत पडून राहणारा अंक नाही. एखाद्या बालकास बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळणार की नाही, या निर्णयात त्या अंकाचा वाटा असतो.

कसोटीचा प्रवास :

सामान्य वर्गातील अध्यापनाचा लाभ न होणारी मुले कशी ओळखावीत, या फ्रेंच शासनापुढील प्रश्नातून आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमॉन यांची कसोटी १९०५ मध्ये तयार झाली. उद्देश व्यावहारिक होता आणि मर्यादितही. विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयास शारीरिक वयाने भागण्याची कल्पना मांडली, तर लुईस टर्मन यांनी १९१६ च्या स्टॅनफर्ड आवृत्तीत त्या भागाकारास १०० ने गुणून बुद्धिगुणांक रूढ केला. धारवाड येथील डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी या परंपरेतील कसोटीचे मराठी व कानडी भाषक मुलांसाठी रूपांतर केले. त्यांचा यासंबंधीचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला.

रूपांतर म्हणजे भाषांतर नव्हे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. टर्मन यांच्या कसोटीत नऊ वर्षांच्या पातळीवर यमक जुळणारे शब्द सांगण्याचा एक प्रश्न होता. मराठीत ‘येतो, जातो, खातो’ असे शब्द लहान मूलही सहज उच्चारील. प्रश्न तोच राहिला तरी त्याची काठिण्यपातळी बदलते, आणि काठिण्यपातळी बदलली की तो प्रश्न नऊ वर्षांचा राहत नाही. म्हणूनच प्रत्येक प्रश्नाचे स्थान त्या भाषेतील मुलांवर प्रत्यक्ष चाचणी घेऊन नव्याने ठरवावे लागते. यालाच प्रमाणीकरण म्हणतात. प्रमाणीकरणाविना केलेला अनुवाद म्हणजे पट्टीवरील आकडे तसेच ठेवून पट्टी ताणण्यासारखे आहे.

अंकाचे स्वरूप :

एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मापनाच्या नामनिर्देशक, क्रमनिर्देशक, समांतर व गुणोत्तर अशा चार श्रेणी सांगितल्या. बुद्धिगुणांक भागाकाराने मिळत असला तरी तो गुणोत्तर श्रेणीत बसत नाही. १२० गुणांकाचे मूल ६० गुणांकाच्या मुलाच्या दुप्पट बुद्धिमान आहे, या विधानास अर्थ नाही. मानसिक वयावर आधारलेल्या गुणांकात आणखी एक अडचण आहे. मानसिक वय दोन वर्षांनी मागे असेल तर चार वर्षांच्या मुलाचा गुणांक ५० येतो, आठ वर्षांच्या मुलाचा ७५ आणि बारा वर्षांच्या मुलाचा सुमारे ८३. शिवाय गुणांकांचे प्रमाण विचलन निरनिराळ्या वयात सारखे राहीलच, याची हमी नसते. त्यामुळे सहाव्या वर्षीचे ७० आणि चौदाव्या वर्षीचे ७० हे समवयस्कांतील एकाच स्थानाचे निदर्शक असतील असे गृहीत धरता येत नाही. डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ मध्ये विचलनाधिष्ठित गुणांक स्वीकारला तो याच कारणास्तव. नागपूरच्या डॉ. मलीन यांनी भारतीय मुलांसाठी तयार केलेली कसोटी वेक्सलर यांच्या बालकसोटीवर बेतलेली आहे. एका केंद्राने बिने-कामत व दुसऱ्याने मलीन कसोटी वापरली आणि गुणांक वेगळे आले, तर पालक गोंधळतात. वस्तुतः तेथे दोन वेगळ्या पट्ट्या वापरलेल्या असतात.

विश्वसनीयता :

कसोटी पुन्हा घेतल्यास फलित कितपत तेच येते, हा विश्वसनीयतेचा प्रश्न होय. विद्यार्थी विश्वसनीयता गुणांक ०.९१ असल्याचे वाचतात आणि समाधान मानतात. या अंकाचा प्रत्यक्ष अर्थ मात्र क्वचितच काढून पाहिला जातो. प्रमाण विचलन १५ व विश्वसनीयता ०.९१ असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी ४.५ येते (१५ गुणिले ०.०९ चे वर्गमूळ). ९५ टक्के खात्रीने बोलावयाचे तर मिळालेल्या गुणांकाच्या दोन्ही बाजूंस सुमारे ९ अंकांचा पट्टा धरावा लागतो. म्हणजे ७३ गुणांक मिळालेल्या मुलाचा खरा गुणांक ६४ ते ८२ यांदरम्यान कोठेही असू शकतो. चांगल्या कसोटीची ही स्थिती आहे! तरीही अहवालात एकच अंक लिहिला जातो.

या त्रुटीची दखल अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयास घ्यावी लागली. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीस देहदंड देता येणार नाही, असा निर्णय तेथे २००२ मध्ये झाला होता. फ्लोरिडा राज्याने मात्र ७० पेक्षा अधिक गुणांक असल्यास पुढील पुरावाच विचारात घ्यावयाचा नाही, अशी रेषा आखली. फ्रेडी ली हॉल या आरोपीचा एक गुणांक ७१ होता. प्रमाण त्रुटी दुर्लक्षित करणारी ही रेषा न्यायालयाने २०१४ मध्ये घटनाबाह्य ठरविली.

मानके व सप्रमाणता :

मानकेही जुनी होतात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकनांच्या सरासरी बुद्धिगुणांकात सुमारे १४ अंकांची वाढ झाली. याचा व्यावहारिक अर्थ असा की, जुन्या मानकांशी तुलना केल्यास आजच्या मुलाचा गुणांक फुगलेला दिसतो. ज्याला साहाय्याची खरी गरज आहे असे मूल त्यामुळे ७० च्या रेषेच्या वर सरकून साहाय्यास मुकण्याचा संभव असतो. यावर ठरावीक अंक वजा करणे हा उपाय नव्हे. नॉर्वे, डेन्मार्क यांसारख्या देशांत ही वाढ पुढे थांबली, उलटलीही. खरा उपाय नव्या, प्रातिनिधिक न्यादर्शावरील प्रमाणीकरण हाच आहे. ते खर्चिक असल्याने मागे पडते, ही आपल्याकडील जुनी रड आहे.

सप्रमाणतेचा प्रश्न याहून मूलगामी आहे : जे मोजावयाचे तेच मोजले गेले काय? मेळघाटातील कोरकू मुलाची घरची भाषा मराठी नाही. किंबहुना ती मराठीच्या भाषाकुलातीलही नाही. शब्दार्थ सांगण्याच्या प्रश्नात ते मूल अडखळले, तर बुद्धी मोजली गेली की शाळेच्या भाषेशी असलेला परिचय? त्याच मुलाची कसोटी महिन्याने पुन्हा घेतली तरी बहुधा तेवढेच गुण मिळतील. विश्वसनीयता उच्च, पण सप्रमाणता संशयास्पद, असा हा प्रकार आहे. विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गोंधळ होतो तो याच ठिकाणी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये बौद्धिक अक्षमतेची व्याख्या करताना बौद्धिक कार्यक्षमतेबरोबरच समायोजनात्मक वर्तनातील लक्षणीय मर्यादाही आवश्यक मानली आहे. एकट्या गुणांकावरून ही व्याख्या पूर्ण होत नाही. समायोजनात्मक वर्तनासाठी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी वापरली जाते. तिचेही भारतीय रूपांतर मलीन यांनीच नागपूर येथे केले. या श्रेणीत मुलास प्रश्न विचारले जात नाहीत. मूल स्वतः जेवते काय, कपडे घालते काय, एकटे घराबाहेर जाते काय, हे आई किंवा सांभाळणारी व्यक्ती सांगते. येथे त्रुटीचा उगम बदलतो. प्रमाणपत्राच्या गरजेपोटी कमी सांगणारे पालक असतात, तसे मुलाला नाव ठेवले जाऊ नये म्हणून अधिक सांगणारेही असतात. त्यामुळे परीक्षकास मुलाचे वर्तन शक्य तेथे स्वतः पाहावे लागते आणि शाळेतील शिक्षकाकडूनही माहिती घ्यावी लागते.