माहीमचे सेंट मायकल चर्च : अनेक भाषांचा एक धर्मग्राम

बुधवार उजाडला की माहीम कॉजवेच्या तोंडाशी असलेल्या सेंट मायकल चर्चकडे पहाटेपासूनच माणसांचा ओघ सुरू होतो. फुले, मेणबत्त्या आणि नवसाच्या मेणाच्या प्रतिकृती विकणाऱ्यांची लगबग वाढते. नोकरीवर जाण्यापूर्वी घाईघाईने डोकावणारे, मुलाच्या परीक्षेसाठी साकडे घालणारे, आजारपणातून उठल्यावर आभार मानायला आलेले असे सारेच त्या गर्दीत असतात. त्यांत ख्रिस्ती किती आणि हिंदू, मुस्लिम, पारशी किती, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. नित्य सहाय्य मातेची ही नोव्हेना ८ सप्टेंबर १९४८ रोजी, बुधवारीच सुरू झाली. बेलफास्ट येथे ही भक्ती पाहून परतलेल्या तेव्हाच्या प्रमुख धर्मगुरूंनी ती माहीमला आणली. २०२३ मध्ये तिला ७५ वर्षे पूर्ण झाली. चर्चची पहिली वास्तू १५३४ मध्ये उभी राहिली, असे मानले जाते. त्या हिशेबाने २०३४ मध्ये या धर्मग्रामाची पाचशे वर्षे भरतील.

वर्धापनदिन साजरा करायचा म्हणजे नेमके कशाचे वय मोजायचे, हा प्रश्न अशा जुन्या चर्चच्या बाबतीत सहज सुटणारा नाही. वास्तूचे म्हणावे, तर आजची इमारत १९७३ ची आहे. राज्यकर्त्यांचे म्हणावे, तर या काळात गुजरातचा सुलतान, पोर्तुगीज आणि इंग्रज येऊन गेले. मागे उरतात ती माणसे. परंतु तीही प्रत्येक शतकात बदलत गेली. माहीमचा इतिहास म्हणूनच मुंबईतील बहुभाषक कॅथलिक समाजाच्या जडणघडणीचा इतिहास ठरतो.

धर्मग्राम म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला 'पॅरिश' म्हणतात, त्याला मराठी ख्रिस्ती समाजात 'धर्मग्राम' हा अर्थवाही शब्द रूढ आहे. चर्चच्या कायद्यानुसार धर्मग्राम सर्वसाधारणपणे भौगोलिक असतो. ठरावीक हद्दीत राहणारे सर्व कॅथलिक त्या धर्मग्रामाचे घटक मानले जातात. त्यांची मातृभाषा, जात, मूळ गाव वा आर्थिक स्थिती विचारली जात नाही. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी ठेवण्याचे बंधन प्रत्येक धर्मग्रामावर असते. जमाखर्चाच्या देखरेखीसाठी समिती नेमणेही बंधनकारक आहे.

या नियमाला अपवाद आहेत. भाषा, राष्ट्रीयत्व किंवा उपासनापद्धती यांच्या आधारे स्वतंत्र धर्मग्राम स्थापन करता येतो. मुंबई परिसरातील सिरो-मलबार पंथाच्या केरळी कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला, तो उपासनापद्धतीच्या आधारावर. याउलट १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झालेला वसई धर्मप्रांत भौगोलिक तत्त्वावरच उभा राहिला. बहुसंख्य ठिकाणी एकाच छपराखाली सर्वांनी नांदायचे, हाच नियम राहिला. शहरात रोजगारासाठी आलेला माणूस ज्या वस्तीत खोली घेतो, त्या वस्तीचे चर्च त्याचे होते.

मूळचे आणि नंतरचे

मुंबई, साष्टी आणि वसईच्या किनाऱ्यावर सोळाव्या शतकात ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ते इथलेच शेतकरी, कोळी, आगरी आणि कारागीर होते. त्यांच्या घरातील बोली मराठीच्या होत्या. १५३४ च्या वसई तहाने हा प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला. पुढे १६६१ च्या विवाह-करारानुसार मुंबई इंग्रजांना देण्याचे ठरले. साष्टी व वांद्रे मात्र पोर्तुगिजांकडेच राहिले. माहीमची खाडी ही त्यामुळे दोन सत्तांमधील सीमा बनली. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली. त्या धामधुमीच्या काळात वांद्र्याच्या डोंगरावरील मातेची मूर्ती खाडीपलीकडे माहीमच्या चर्चमध्ये ठेवण्यात आली आणि १७६१ मध्ये ती परत गेली, असा या दोन्ही चर्चचा सामायिक इतिहास सांगितला जातो.

एकोणिसाव्या शतकात मुंबई वाढू लागली तसे गोव्यातून खलाशी, आचारी व वादक आले, तर मंगळूरहून कारकून आले. तेही कॅथलिकच होते, अनेकांची आडनावेही सारखीच होती. सरकारी नोकऱ्यांसाठी स्पर्धा सुरू झाली तेव्हा मूळच्या रहिवाशांना आपली वेगळी ओळख सांगण्याची निकड भासली. १८८७ हे व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाचे वर्ष. त्याच वर्षी त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण करून आपली संघटना स्थापन केली. एका महोत्सवाच्या निमित्ताने एका समाजाने स्वतःचे नामकरण करून घेतले, ही घटना विचार करण्यासारखी आहे. महोत्सव माणसांना एकत्र आणतो. त्याच वेळी 'आपण कोण' हा प्रश्नही तो पुढे आणतो.

पुढे तमिळनाडूतून, केरळमधून, अलीकडच्या दशकांत झारखंड व ईशान्य भारतातूनही कॅथलिक कुटुंबे मुंबईत आली. आज मुंबईतील कोणत्याही मोठ्या धर्मग्रामात रविवारी यांपैकी अनेक समाजांचे लोक शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

दरवाजे बंद झाले तेव्हा

ही सरमिसळ सुखाने झाली असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. मुंबईतील कॅथलिकांवर अधिकार कोणाचा, यावरून दीर्घकाळ वाद होता. एकीकडे पोर्तुगालच्या राजाला मिळालेला 'पाद्रोआदो' हा आश्रयदातृत्वाचा हक्क, तर दुसरीकडे रोमने थेट नेमलेले बिशप. १८५३ मध्ये या वादाचा भडका माहीमलाच उडाला. तेथील लोकांना चर्च पाद्रोआदोकडे जावे असे वाटत होते. रोमने नेमलेले बिशप हार्टमन यांनी चर्चमध्ये ठाण मांडले आणि ते सोडण्यापेक्षा मरण पत्करण्याची तयारी दाखवली. सुमारे पंधरा दिवस वेढा चालला, अन्नपाणी संपत आले. अखेर शांतता राखण्यासाठी मुलकी अधिकाऱ्यांनी दरवाजे उघडायला लावले आणि चर्च पाद्रोआदोकडे गेले.

१८८६ मध्ये मुंबई महाधर्मप्रांत स्थापन झाला, तरी दुहेरी व्यवस्था १९२८ पर्यंत संपली नाही. तेव्हाच्या करारानुसार मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावेत असे ठरले. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस हे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. एकाच श्रद्धेच्या माणसांना एका अधिकाराखाली सुरळीत नांदायला इतका काळ लागला.

भाषेची कसोटी

१९६० च्या दशकापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. ती भाषा मराठी, कोंकणी, तमिळ अशा सर्वांनाच सारखी परकी होती आणि म्हणूनच कोणाला कमीअधिक वाटण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाव दिला. श्रद्धा माणसाच्या बोलीत आली, हा मोठाच लाभ. पण त्याबरोबर एक नवी अडचणही आली. कोणत्या भाषेतील मिस्सा सकाळी सोयीच्या वेळी आणि कोणती दुपारी आडवेळी? सणाच्या मुख्य मिस्साची भाषा कोणती? इंग्रजी सर्वांना जोडते असे मानले, तर घरकाम वा रोजंदारी करणारी, इंग्रजी न येणारी माणसे मागच्या बाकावर मुकी बसून राहतात. प्रत्येक भाषेची वेगळी मिस्सा ठेवली, तर एकाच चर्चमध्ये चार समाज एकमेकांना न भेटता ये-जा करतात.

माहीमच्या बुधवारी यावर एक साधा तोडगा दिसतो. इंग्रजी, कोंकणी, मराठी, हिंदी अशा वेगवेगळ्या भाषांतून दिवसभर नोव्हेना होते. प्रार्थना तीच, चित्र तेच, दार तेच. फक्त वेळ व भाषा वेगळी. तरीही भाविक आणि धर्मग्रामाचा घटक यांतला फरक उरतोच. भाविक नवस फेडून घरी जातो. धर्मग्रामातील माणसाला शेजाऱ्याच्या मयताला जायचे असते आणि आपल्याहून वेगळ्या भाषेच्या माणसाबरोबर समितीत बसायचे असते.

महोत्सवाचा मूळ अर्थ

'ज्युबिली' या कल्पनेचे मूळ बायबलच्या जुन्या करारात आहे. दर पन्नासाव्या वर्षी गुलामांना मोकळे करावे आणि गहाण पडलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, असा तेथील दंडक आहे. कॅथलिक चर्चने १३०० मध्ये पहिले पवित्र वर्ष पाळले. पुढे दर पंचवीस वर्षांनी ते पाळण्याची प्रथा पडली, त्यानुसार २०२५ हे वर्ष साजरे झाले. रोषणाई, स्मरणिका आणि स्नेहभोजन या पुढच्या गोष्टी. जुने येणे-देणे मिटवून सर्वांनी पुन्हा बरोबरीने उभे राहावे, हा महोत्सवाचा मूळ आशय आहे.

२०३४ च्या निमित्ताने माहीमसमोरही तीच कसोटी असेल. स्मरणिकेत मूळच्या ईस्ट इंडियन घराण्यांबरोबर काल-परवा आलेल्या झारखंडच्या मुलीचेही नाव येईल का, व्यासपीठावर कोणाची भाषा ऐकू येईल, १८५३ च्या वेढ्याचे पान मोकळेपणाने उघडले जाईल का, या प्रश्नांच्या उत्तरांवर त्या सोहळ्याचे मोल ठरेल. चर्चच्या दप्तरातील नोंदवहीत तरी एका बाप्तिस्म्याखाली दुसरा, एवढाच क्रम असतो. आधी आलेल्यांसाठी तिथे वेगळा रकाना नाही.