हात लागेपर्यंत झोपलेली भिंत
(स्पर्शाचं तंत्रज्ञान : लेख ६)

मोबाइलचा पडदा बोट कसं ओळखतो, ते मागच्या लेखात पाहिलं. काचेखाली पारदर्शक इलेक्ट्रोडची जाळी असते आणि सर्किट सेकंदाला साधारण ६० ते १२० वेळा ती तपासत राहतं. तळहाताएवढ्या पडद्याला हे परवडतं. पण वर्गातला फळा, दुकानाचा काउंटर किंवा इस्पितळातली अख्खी फरशी स्पर्श ओळखणारी करायची म्हटली, की हिशेब कोलमडतो. पट्ट्या लांबल्या की त्यांचा रोध आणि कपॅसिटन्स दोन्ही वाढतात, प्रत्येक तपासणीला वेळही जास्त लागतो आणि वीजही. बोटामुळे पडणारा इवलासा फरक त्या पसाऱ्यात हरवतो. शिवाय कोणी हात लावो वा न लावो, वीज दिवसभर जळतच असते. कोणी आलंय का, हे बघायला दर मिनिटाला उठून दार उघडणाऱ्या माणसासारखी ही रचना आहे. मोठ्या पृष्ठभागासाठी ती मला मुळातच अयोग्य वाटते.

मग स्पर्शानेच आपली वर्दी दिली तर? स्थितिक विद्युत नेमकं हेच करते.

दोन वेगळे पदार्थ टेकून दूर झाले की एकाकडचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. कोण देतं आणि कोण घेतं, याचा क्रम योहान कार्ल विल्के यांनी १७५७ मध्येच मांडला होता. आपली त्वचा देणाऱ्यांत मोडते; टेफ्लॉन, पीव्हीसी, सिलिकोन घेणाऱ्यांत. हा प्रभार वापरात आणायची वाट २०१२ मध्ये रुंदावली. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये झोंग लिन वांग आणि सहकाऱ्यांनी पॉलिस्टर आणि कॅप्टॉन या दोन प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांपासून लवचिक जनित्र बनवलं. ते वाकवलं की ३.३ व्होल्टपर्यंत दाब मिळत होता.

स्पर्शासाठी तर याहून साधी मांडणी पुरते. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा घ्या. त्यावर प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप शेजारी-शेजारी चिकटपट्टीने बसवा आणि फॉइलची वायर ऑसिलोस्कोपला जोडा. टेपवर दोन-चार वेळा बोट टेकवलं की टेफ्लॉनवर ऋण प्रभार साठतो आणि तिथेच राहतो. तो खालच्या फॉइलमधले इलेक्ट्रॉन दूर लोटतो. धन प्रभार असलेलं बोट जवळ आलं की टेफ्लॉनचा जोर झाकला जातो आणि इलेक्ट्रॉन फॉइलमध्ये परततात. बोट उचललं की पुन्हा बाहेर. म्हणून ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बोट टेकताना एका दिशेला शिखर दिसतं, उचलताना उलट्या दिशेला. या खुणेला बॅटरी लागत नाही. ती ऊर्जा हाताच्या हालचालीतून येते.

हात कुठे लागला, हे कळण्यासाठी मोठ्या पृष्ठभागावर शेकडो तारा लागतील असं वाटतं. पेकिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये केवळ चार इलेक्ट्रोडांवर भागवलं, चार बाजूंना एकेक. हात डावीकडे लागला तर डावा इलेक्ट्रोड मोठी खूण देतो, उजवा लहान. पाहायचं ते दोघांचं गुणोत्तर. बोट जोरात लागलं की हळू, कोरडं होतं की किंचित घामेजलेलं, याने दोन्ही खुणा एकाच प्रमाणात वाढतात किंवा घटतात, गुणोत्तर तेच राहतं. या क्षेत्रातली मला सर्वांत आवडणारी युक्ती हीच.

आता विजेचं गणित. सीआर२०३२ या बटण सेलमध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास प्रभार असतो. सतत जागं राहून ५ मिलिअँपिअर खाणारं सर्किट तो ४४ तासांत संपवेल. तेच सर्किट झोपवून ठेवलं आणि झोपेत १ मायक्रोअँपिअरच लागला, तर कागदावर २५ वर्षं निघतात. त्याआधी सेलच जुना होऊन बाद होईल. स्पर्शाच्या शिखराने मायक्रोकंट्रोलरला जागं करायचं, त्याने काम उरकून पुन्हा झोपायचं.

अडचणीही खऱ्या आहेत. बोट टेकवून स्थिर धरलं तर खूण विरून जाते, त्यामुळे 'दाबून ठेवा' हा आदेश इथे भरवशाचा नाही. आपलं शरीर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही उचलतं, ती गाळावी लागते. आणि सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. गालिच्यावर चालताना अंगावर चढणारा दाब १० ते २० टक्के आर्द्रतेत ३५,००० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. ६५ ते ९० टक्क्यांत तो १,५०० वर येतो. मुंबईच्या जुलैत उघडा टेफ्लॉन कितपत टिकाव धरेल, ते यावरून ओळखा. उपाय म्हणजे दोन्ही थर आत सीलबंद करायचे, म्हणजे हाताने दाबल्यावर ते आतल्या आत टेकतील आणि सुटतील. किनारपट्टीवर याच मांडणीवर पैसे घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि या तंत्राने मोबाइलचा पडदा बदलू पाहू नये. त्याची खरी जागा फरशी, भिंत आणि काउंटर हीच.

पुढच्या आठवड्यात : हात लागण्याआधीच त्याची चाहूल घेणारी विद्युतक्षेत्रं आणि १९२० च्या सुमारास जन्मलेलं थेरेमिन हे वाद्य. तोवर ज्यांना कॉलेजच्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप मिळेल त्यांनी फॉइल-टेपचा प्रयोग जरूर करावा, कोरड्या हवेच्या दिवशी, आणि खुणा कशा दिसल्या ते कळवावं.