आधी आईचा चेहरा

तुआसच्या रॅफल्स मरीनातल्या दीपगृहापाशी जुनी मैत्रीण भेटली. तिच्या कडेवरच्या वर्षभराच्या लेकीने आधी मला न्याहाळलं, मग आईकडे पाहिलं. आई हसत होती. लगेच इवलासा हात माझ्या चष्म्याकडे आला.

अनोळखी माणूस किंवा जागा समोर आली, की या वयाचं मूल आईच्या चेहऱ्यावरून अंदाज घेतं. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात वर्षाच्या बाळांना जाड काचेवर रांगायचं होतं. काचेखाली फूटभर खोली दिसे. पलीकडची आई हसरी असताना १९पैकी १४ बाळं पार गेली. आईचा चेहरा घाबरलेला, तेव्हा एकही नाही! म्हणून बाळाला भेटल्या भेटल्या ओढून घेऊ नका. आधी त्याच्या आईशी मनसोक्त गप्पा मारा.