राग अनावर होण्याआधी

रोमन लेखक आणि तत्त्वज्ञ सेनेका याला त्याच्या थोरल्या भावाने, नोव्हेटसने, गळ घातली होती की राग कसा आवरावा यावर काहीतरी लिही. त्या आग्रहातून ‘रागाविषयी’ हा तीन भागांचा लॅटिन ग्रंथ तयार झाला. इ.स. ४१ मध्ये सम्राट कॅलिग्युलाचा खून झाला, त्यानंतरचा हा ग्रंथ. अमर्याद सत्ता हाती असलेल्या माणसाचे माथे भडकले की काय होते, हे सेनेकाने कॅलिग्युलाच्या काळात जवळून पाहिले होते, आणि ते त्याच्या पानापानांत उतरले आहे. पण हा ग्रंथ आजही वाचावासा वाटतो तो त्यातल्या भयकथांसाठी नव्हे, तर रागाच्या स्वरूपाबद्दल त्याने धरलेल्या एका ठाम भूमिकेसाठी. राग ही मनात साठत जाणारी आणि कधीतरी फुटणारी शक्ती आहे, असे आपण सहसा धरून चालतो. म्हणून तो गिळावा की मोकळा करावा, एवढ्याच दोन वाटा आपल्याला दिसतात. सेनेका ज्या स्टोइक परंपरेतला होता, तिने हे गृहीतकच नाकारले. राग म्हणजे माणसाने केलेला निवाडा आहे, असे स्टोइकांचे म्हणणे. निवाडा असेल तर त्याचा पुरावा मागता येतो, तो लांबणीवर टाकता येतो आणि चुकीचा निघाला तर मागेही घेता येतो.

हे म्हणणे नीट कळण्यासाठी सेनेकाने सांगितलेल्या रागाच्या पायऱ्या पाहाव्या लागतात. कोणी चारचौघांत अपमान केला की आधी शरीर हलते. छाती धडधडते, कानशिले तापतात, हात शिवशिवतात. याला तो राग म्हणतच नाही. गार पाण्याचा शिडकावा झाला की अंग शहारते, कड्यावरून खाली पाहिले की गरगरते, त्याच जातीची ही हालचाल. ती कोणाच्या ताब्यात नसते, म्हणून तिच्यात कोणाचा दोषही नसतो. दुसऱ्या पायरीवर मन एक विधान करते: माझ्यावर अन्याय झाला आहे आणि त्याची शिक्षा समोरच्याला मिळालीच पाहिजे. या विधानाला आपण होकार दिला की राग जन्माला येतो. तिसऱ्या पायरीवर तो निवाडा खरा की खोटा याचीही पर्वा उरत नाही, काही झाले तरी सूड हवा असतो. या शेवटच्या अवस्थेबद्दल क्रिसिपस या जुन्या ग्रीक स्टोइकाने धावणाऱ्या माणसाचा दाखला दिला होता. चालणारा माणूस वाटेल तिथे थांबतो, पण भरधाव पळणाऱ्याने थांबायचे ठरवले तरी पाय त्याला चार पावले पुढे नेतातच. म्हणून स्टोइकांचा सगळा भर पळायला सुरुवात होण्याआधीच्या त्या क्षणावर, म्हणजे होकारावर आहे.

स्टोइक म्हणजे दगडासारखा, ज्याला काही वाटतच नाही असा माणूस, ही समजूत इथेच मोडते. दुसऱ्या शतकातल्या ऑलस जेलियस या लेखकाने एक प्रसंग नोंदवला आहे. ग्रीसकडून इटलीला जाणारे जहाज वादळात सापडले, आणि त्यावरचा एक नामांकित स्टोइक तत्त्वज्ञ इतरांसारखाच पांढराफटक पडला. वादळ शमल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याला यावरून छेडले. जेलियसने मात्र खरोखर जाणून घ्यायच्या इच्छेने तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्या तत्त्वज्ञाने पिशवीतून एपिक्टेटस या स्टोइक गुरूचे पुस्तक काढून उत्तर दाखवले. पहिला धक्का शहाण्यालाही बसतो, चेहऱ्याचा रंग त्याचाही उडतो. फरक एवढाच की त्या धक्क्याबरोबर मनात उमटलेल्या चित्राला शहाणा लगेच मान्यता देत नाही. प्रसंग भीतीचा आहे, पण रागालाही हेच लागू पडते. राग गिळणे आणि स्टोइक मार्गाने राग टाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही यातून उलगडते. आतून निवाडा कायम ठेवायचा, सुडाची इच्छा जपायची आणि तोंड तेवढे बंद ठेवायचे, हे गिळणे झाले. निवाडाच मान्य केला नाही, तर गिळण्यासारखे काही उरत नाही.

हा निवाडा किती हट्टी असू शकतो याचे सेनेकाने दिलेले उदाहरण विसरता येत नाही. ग्नेयस पिसो हा सेनापती एरवी अनेक दुर्गुणांपासून मुक्त होता, पण कठोरपणालाच तो खंबीरपणा समजे. रजेवर गेलेल्या दोन शिपायांपैकी एकच परतला. दुसऱ्याला यानेच मारले असणार, असे ठरवून पिसोने त्याला मृत्युदंड सुनावला. शोध घ्यायला थोडा वेळ द्या, ही त्याची विनंतीही फेटाळली. छावणीच्या तटाबाहेर त्याची मान वाराखाली असतानाच हरवलेला सोबती अचानक समोर उभा राहिला. शिक्षेवर देखरेख करणाऱ्या सेंच्युरियनने मारेकऱ्याला तलवार म्यान करायला सांगितली आणि कैद्याला पिसोपुढे परत आणले. छावणीत आनंदीआनंद झाला. पिसो मात्र संतापाने लाल होऊन न्यायासनावर चढला आणि त्याने तिघांनाही ठार मारायचा हुकूम दिला: पहिल्याला, कारण त्याला शिक्षा आधीच झाली होती, दुसऱ्याला, कारण त्याच्यामुळे सोबत्यावर मरणाची पाळी आली, आणि सेंच्युरियनला, कारण त्याने हुकूम पाळला नाही. मूळ आरोप खोटा ठरल्यावर राग विरघळायला हवा होता. त्याऐवजी त्याने एका गुन्ह्याच्या जागी तीन गुन्हे शोधून काढले. रागाला कारण लागते, पण एकदा तो धावत सुटला की कारणे तो स्वतःच पैदा करतो. घरातले भांडण मिठाच्या प्रमाणावरून सुरू होऊन पंधरा वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या मानपानावर कसे पोचते, याचे उत्तर पिसोच्या तर्कात आहे.

राग मोकळा केला की निवतो, या लोकप्रिय समजुतीची तपासणी आधुनिक मानसशास्त्रानेही केली आहे. ब्रॅड बुशमन या अमेरिकन संशोधकाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांच्या निबंधांवर मुद्दाम झोंबणारे शेरे मारून त्यांना चिडवले. त्यानंतर काहींनी शेरे मारणाऱ्याला मनात आणून मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे लगावले, काहींनी व्यायाम म्हणून लगावले, आणि उरलेले नुसते बसून राहिले. अपमान करणाऱ्याला आठवत ठोसे मारणारे शेवटी सर्वांत जास्त चिडलेले आणि आक्रमक निघाले. नुसते बसलेले सर्वांत कमी. २०२४ मध्ये सोफी क्यारविक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. शरीराचा क्षोभ उतरवणारे उपाय, म्हणजे संथ श्वास, ध्यान, शिथिलीकरण यांनी राग कमी होतो, आणि क्षोभ वाढवणाऱ्या कृतींनी एकंदरीत होत नाही, हाच निष्कर्ष त्यातूनही निघाला. निवाडा तपासण्याची स्टोइक पद्धत तर थेट उपचारांत उतरली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तेव्हा एपिक्टेटसचे ऋण त्यांनी उघडपणे मान्य केले. माणसाला घटना त्रास देत नाही, घटनेबद्दलचे त्याचे मत त्रास देते, हा तिचा पाया. मराठी वाचकांना ती नवी नाही: कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे रुजवली, आणि अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने ती घराघरांत नेली.

यावर पहिला आक्षेप अगदी व्यवहारी आहे. डोक्यात तिडीक जाते त्या क्षणी निवाडा तपासायला वेळ कोणाला असतो? सेनेकाला ही अडचण पुरेपूर ठाऊक होती. रागावरचा सर्वांत मोठा इलाज म्हणून त्याने विलंबच सांगितला, आणि विलंबाची सवय आधीपासून लावावी लागते असे बजावले. प्लेटोने चिडून गुलामावर हात उगारला, आपण रागावलो आहोत हे ध्यानात येताच तो तसाच उगारलेला ठेवून उभा राहिला आणि एका संतापलेल्या माणसाला शिक्षा करत असल्याचे त्याने आलेल्या मित्राला सांगितले, अशी गोष्ट सेनेका देतो. पण खरी तयारी शांत वेळेची. थकलेला, भुकेला, तहानलेला माणूस लवकर चिडतो, तेव्हा आपली ही वेळ ओळखून ठेवावी, हा त्याचा सल्ला आजच्या कोणत्याही डॉक्टरला पटेल. दुसरा सल्ला अपेक्षांचा. जे घडेल असे वाटले नव्हते त्याचाच राग जास्त येतो; तेव्हा लोक विसरणार, उशीर करणार, उद्धटपणे बोलणार हे सकाळीच धरून चालावे. सेनेका रोज रात्री स्वतःची झडती घेई: आज कोणाशी जास्त कडक बोललो, कोणाला सुधारायला गेलो आणि फक्त दुखावून आलो. एपिक्टेटस तर दिवस मोजायला लावतो. आधी रोज चिडत होतो, मग एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. तीस दिवस न चिडता गेले तर देवाला नैवेद्य दाखवा, असे तो शिष्यांना सांगे. मला यातला हिशेबीपणा फार महत्त्वाचा वाटतो. स्वभाव बदलण्याच्या मोठ्या प्रतिज्ञेपेक्षा ही मोजदाद प्रामाणिक आहे, कारण तिच्यात चुकलेले दिवसही धरलेले असतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो अ‍ॅरिस्टॉटलच्या अनुयायांनी सेनेकाच्याही आधी घेतला होता. योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य प्रमाणात येणारा राग हा सद्गुणच नव्हे का? त्याच्याशिवाय अन्यायाविरुद्ध कोण उभे राहील? सेनेकाने यापासून पळ काढलेला नाही. डोळ्यांदेखत वडिलांवर हल्ला झाला तर भला माणूस काय करील, असा टोकाचा प्रश्न तो स्वतःच घेतो. वाचवील, लढेल, गुन्हेगाराला शिक्षा होईल असे पाहील, पण हे कर्तव्य म्हणून करील, असे त्याचे उत्तर. रागावलेला लढवय्या आपली छाती उघडी टाकतो. हॅनिबलला थोपवणाऱ्या फेबियस या रोमन सेनापतीने आधी स्वतःचा संताप जिंकला, म्हणून तो टिकला. आपल्या काळात तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांनी २०१६ च्या ‘अँगर अँड फर्गिव्हनेस’ या पुस्तकात याच वाटेने एक उपयुक्त फरक केला आहे. हे भयंकर आहे, पुन्हा होता कामा नये, एवढेच म्हणून पुढच्या कामाला लागणारा राग वेगळा आणि समोरच्याला यातना झाल्याशिवाय समाधान न मानणारा राग वेगळा. पहिला टिकवून दुसरा सोडता येतो.

तरीही स्टोइकांनी इथे प्रतिपक्षाला द्यायला हवे होते तेवढे दिलेले नाही, असे माझे मत आहे. कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी १९८१ च्या भाषणात वंशभेद सोसणाऱ्या स्त्रियांच्या रागाची बाजू मांडली. त्या रागात माहिती असते आणि बळही असते, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. जो पिढ्यान्पिढ्या दाबला गेला, त्याने केलेला ‘माझ्यावर अन्याय झाला’ हा निवाडा तपासून पाहिला तर बहुतेकदा खराच निघेल. तपासणीने त्याचा सुडाचा भाग गळेल, अन्यायाचा भाग शिल्लक राहील आणि राहायलाच हवा. आणि सेनेकाची उदाहरणे एकत्र मांडली की दिसते, त्याचे बहुतेक रागीट लोक सत्ताधारी आहेत: राजे, सेनापती, गुलामांचे मालक. व्हेडियस पोलियो या श्रीमंत रोमनाच्या मेजवानीत एका गुलामाच्या हातून स्फटिकाचा पेला फुटला, तेव्हा त्याला तळ्यातल्या अजस्र माशांपुढे टाकण्याचा हुकूम सुटला. तो मुलगा निसटून पाहुण्या ऑगस्टस सम्राटाच्या पायांवर पडला आणि निदान वेगळ्या तऱ्हेने मरण द्या एवढेच मागू लागला. ऑगस्टसने त्याला सोडवले, घरातले सगळे स्फटिकाचे पेले तिथल्या तिथे फोडायला लावले आणि तळे बुजवायला सांगितले. राग आवरण्याची शिकवण गरजेची होती ती पोलियोला. एपिक्टेटस स्वतः गुलामगिरीतून आलेला होता आणि तोही हीच शिकवण देत होता, हे खरे. पण त्याने ती स्वतःच्या मनाच्या मोकळेपणासाठी स्वीकारली होती, मालकाच्या सोयीसाठी नव्हे. आज कार्यालयातला साहेब हाताखालच्यांना, सासर सुनेला किंवा शिक्षक मुलाला रागावर ताबा ठेवायला सांगतो, तेव्हा सेनेकाचे पुस्तक आधी सांगणाऱ्याच्या हाती द्यायला हवे.